आकार म्हणजे वय नव्हे: न झालेल्या ‘लेफ्ट शिफ्ट’चं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण २६ वर्षांचा, ओझी उचलण्याचं काम करणारा. उजव्या जांघेत हर्निया, दुखणं अधूनमधून, बाकी तब्येत ठणठणीत. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या रुग्णालयात जाळी बसवून दुरुस्ती करायचं ठरलं. ओळख पटेल असे सगळे तपशील इथे वगळले आहेत.

ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हिमोग्लोबिन १४.१, पांढऱ्या पेशी ७,४००, प्लेटलेट २ लाख ४० हजार. म्हणजे कुठेच बोट ठेवायला जागा नाही. पण मशीनने रिपोर्टच्या कोपऱ्यात ‘लेफ्ट शिफ्ट?’ असा इशारा छापला होता. इशारा आला की काच, म्हणजे काचपट्टीवर पसरून रंगवलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, हा लॅबचा नियम. टेक्निशियनने काच पाहिली आणि लिहिलं: न्यूट्रोफिल ६२ टक्के, त्यात बँड ४४.

न्यूट्रोफिल म्हणजे जंतू गिळणारी पांढरी पेशी आणि बँड म्हणजे पूर्ण न पिकलेला न्यूट्रोफिल. नेहमीच्या रक्तात त्यांचं प्रमाण फार तर पाच-सात टक्के असतं. शरीरात मोठा जंतुसंसर्ग झाला की अस्थिमज्जा कच्चा माल बाहेर ढकलते आणि बँड वाढतात. यालाच लेफ्ट शिफ्ट म्हणायची पद्धत आहे. ४४ हा आकडा वाचून भूलतज्ज्ञांनी भूल द्यायला नकार दिला. हे त्यांचं बरोबरच होतं. अंगात सेप्सिस असताना पोटाच्या भिंतीत जाळी बसवणं म्हणजे जंतूंना बसायला पाट मांडणं.

अडचण

रुग्णाला ताप नव्हता. नाडी ७६. खोकला, लघवीची जळजळ, जखम, दाताचा गळू यांपैकी काही नाही. तरी ‘कुठेतरी दबलेलं इन्फेक्शन असेल’ म्हणून सेफ्ट्रिआक्झोन १ ग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झालं. तीन दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं. बँड ४६. पांढऱ्या पेशी तेवढ्याच.

इथे खरं तर थांबायला हवं होतं. संसर्गातला बँडचा आकडा एका जागी बसत नाही. औषध लागू पडलं तर तो उतरतो, नाही पडलं तर चढतो आणि सोबत एकूण पेशींनाही हलवतो. ४४ आणि ४६ यांत मोजणीतल्या चुकीपलीकडे काहीच फरक नाही. तीन दिवसांत न हललेला आकडा आजाराचा असण्यापेक्षा त्या माणसाच्या घडणीचा असण्याची शक्यता जास्त. पण रिपोर्टवर दोन आकडे दोन वेगळ्या कागदांवर होते, ते शेजारी ठेवून कुणी पाहिले नाहीत. उलट अर्थ निघाला: अँटिबायोटिक लागू पडत नाही. फिजिशियनच्या सल्ल्यात ‘अस्थिमज्जेची तपासणी करावी, मायलोडिस्प्लेशिया (मज्जेत सदोष रक्तपेशी बनण्याचा आजार) किंवा ल्युकेमियाची शक्यता वगळावी’ असं वाक्य आलं. ल्युकेमिया हा शब्द कागदावर आला की घरात काय होतं ते सांगायला नको.

केंद्रकाला आकार कोण देतं

पुढचे निर्णय समजायचे तर आधी हे पाहावं लागेल, कारण सगळा घोळ एका गृहीतकावर उभा होता: न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचा आकार पाहून त्याचं वय सांगता येतं.

गृहीतक बहुतेक वेळा चालतं. मज्जेत ही पेशी लहान असताना केंद्रक गोल असतं. मग ते घेवड्याच्या बीसारखं एका बाजूने दबतं, मग वाकवलेल्या पट्टीसारखं होतं, तोच बँड, आणि शेवटी त्याचे तीन ते पाच खंड पडतात, बारीक धाग्यांनी जोडलेले. गोलापासून खंडांपर्यंतचा हा प्रवास आपोआप होत नाही. तो घडवून आणावा लागतो, आणि घडवणारी यंत्रणा दोन पक्षांची आहे: ओढणारी प्रथिनं आणि धरून ठेवणारी प्रथिनं.

ओढणाऱ्या पक्षात डायनिन आणि कायनेसिन ही मोटर प्रथिनं येतात. पेशीत सूक्ष्मनलिकांचं जाळं असतं. प्रत्येक नळी सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची, आणि बहुतेकींचं एक टोक केंद्रकाशेजारच्या सेंट्रोसोममध्ये रोवलेलं. एटीपी हे पेशीचं इंधन जाळत ही मोटर प्रथिनं या नळ्यांवरून पावलं टाकतात, एक पाऊल साधारण ८ नॅनोमीटरचं. डायनिन सेंट्रोसोमच्या दिशेने जातं, बहुतेक कायनेसिन उलट दिशेने. डायनिनची एक बाजू केंद्रकाच्या आवरणाला अडकलेली असेल तर चालताना ते आवरणही ओढलं जातं. या ओढीत किती दम आहे ते पेशीविभाजनाच्या सुरुवातीला दिसतं: डायनिन आवरण सेंट्रोसोमकडे असं खेचतं की दुसऱ्या बाजूला ते ताणून फाटतं.

धरून ठेवणाऱ्या पक्षात लॅमिन आहेत. केंद्रकाच्या आवरणाला आतून लॅमिन तंतूंचं अस्तर असतं. लॅमिन ए आणि सी एकाच जनुकातून येतात आणि अस्तराला ताठपणा देतात. बी जातीचे लॅमिन आवरणाच्या पटलाला चिकटून असतात. हाडाच्या किंवा स्नायूच्या पेशीत लॅमिन ए भरपूर, म्हणून केंद्रक कडक. न्यूट्रोफिलचं काम मात्र बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीतून, स्वतःच्या जाडीपेक्षा कितीतरी अरुंद फटीतून, घुसून बाहेर पडण्याचं. म्हणून पिकता पिकता ती लॅमिन ए-सी जवळजवळ बंद करते. भिंत मऊ पडते आणि मग ओढीने वाकते. प्रयोगशाळेत न्यूट्रोफिलसारख्या पेशींमध्ये मुद्दाम लॅमिन ए वाढवलं, तर त्या अरुंद फटींतून जाताना रेंगाळतात.

पण नुसती मऊ भिंत ओढली तर केंद्रकाचा चेंडू लांबुळका होईल, खंड पडणार नाहीत. खंड पडायला दोन गोष्टी लागतात: वाढीव पटल, कारण तेवढ्याच आकारमानाचे चार छोटे गोळे करायचे तर पृष्ठभाग जास्त लागतो, आणि पटल आतल्या क्रोमॅटिनला, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीला, जागोजागी टाचलेलं असणं. या दोन्ही कामांशी एकाच प्रथिनाचा संबंध आहे, लॅमिन बी रिसेप्टर, म्हणजे एलबीआर. हे केंद्रकाच्या आतल्या पटलातून आठ वेळा आरपार जातं. त्याचं आतलं टोक लॅमिन बीला आणि घट्ट गुंडाळलेल्या क्रोमॅटिनला धरतं. पटलात रुतलेला उरलेला भाग कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेवरचं एक विकर म्हणून काम करतो. शिंप्याच्या भाषेत, एकच माणूस कापडही पुरवतो आणि टाकेही घालतो.

या टाक्यांची संख्या जनुकाच्या प्रतींवर ठरते. एलबीआरच्या दोन्ही प्रती चांगल्या तर तीन-चार खंड. एक बिघडली तर दोनच. दोन्ही बिघडल्या तर केंद्रक गोल ते गोलच राहतं. आणि चुकून तीन प्रती असतील तर खंड नेहमीपेक्षा वाढतात. असा रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदवलेला आहे. मापाने चालणारं इतकं स्वच्छ उदाहरण जीवशास्त्रात क्वचित सापडतं.

मोटर पक्षाचा पुरावाही काचेवर दिसतो. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या एचएल-६० या पेशींना रेटिनॉइक आम्ल घातलं की सुमारे चार दिवसांत त्या न्यूट्रोफिलकडे झुकतात आणि केंद्रकाला खंड पडू लागतात. सूक्ष्मनलिका मोडणारं औषध सोबत घातलं की हे खंड पडणं बिघडतं. कर्करोगावरची पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल ही औषधंही सूक्ष्मनलिकांवरच बसतात, आणि ती घेणाऱ्या काही रुग्णांत दोन खंडांचे न्यूट्रोफिल तात्पुरते दिसतात. रूळ बिघडले की गाडी ओढणार कोण? एक गाठ मात्र विज्ञानात अजून सुटलेली नाही. इतर पेशींत डायनिनला केंद्रकाशी जोडणारी सन आणि नेस्प्रिन ही प्रथिनं या पेशींमध्ये फारच थोडी असतात. मग इथे डायनिन आवरण धरतं कुठे, यावर एकमत नाही.

आपल्या रुग्णाच्या दृष्टीने सार एवढंच: केंद्रकाला खंड नाहीत याचा अर्थ पेशी कच्ची आहे असा होतोच असं नाही. शिंपी कमी पडला असेल, तर पूर्ण पिकलेल्या पेशीचं केंद्रकही कच्च्यासारखं दिसेल.

समोर असलेले पर्याय

प्रकरण जिल्ह्याच्या ठिकाणच्या पॅथॉलॉजिस्टकडे आलं तेव्हा टेबलावर चार वाटा होत्या.

पहिली, आकड्याकडे दुर्लक्ष करून ऑपरेशन उरकणं. सर्जन यासाठी तयार होते, कारण रुग्ण डोळ्यांसमोर धडधाकट दिसत होता. पण पुढे जखम चिघळली असती तर ‘४४ बँड असताना हात लावला’ ही नोंद कायमची राहिली असती.

दुसरी, अँटिबायोटिक बदलून आणखी आठवडाभर थांबणं. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निरर्थक. संसर्गाची एकही खूण नसताना औषध कशावर चालणार?

तिसरी, अस्थिमज्जा. मायलोडिस्प्लेशियात दोन खंडांचे न्यूट्रोफिल दिसतात हे खरं, त्यामुळे सल्ला निराधार नव्हता. पण तो आजार मुख्यतः उतारवयातला; त्यात बहुधा हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट पडलेले असतात, आणि न्यूट्रोफिलच्या पेशीद्रव्यातले कण विरळ झालेले दिसतात. इथे २६ वर्षांचा माणूस आणि तिन्ही पेशीसंख्या जागेवर. कमरेच्या हाडात सुई घालायची ती शेवटी.

चौथी, ताज्या रक्ताची काच पुन्हा नीट पाहणं आणि आई-वडिलांच्या काचा मागवणं. खर्च काही शे रुपयांचा, वेळ एका दिवसाचा. हीच वाट निवडली.

काय केलं

आधी नमुन्याचं वय तपासलं. पहिल्या दोन्ही वेळी रक्त सकाळी कलेक्शन सेंटरवर काढलं होतं, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. लॅबला ते संध्याकाळच्या फेरीने पोचलं, आणि काच तेव्हा ओढली गेली. ईडीटीएत रक्त आठ-दहा तास राहिलं की न्यूट्रोफिल कुजायला लागतात, केंद्रकाचे खंड फुगून गोल होतात, एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. म्हणजे नुसत्या शिळ्या रक्तानेही असं चित्र दिसू शकतं. म्हणून तिसऱ्या वेळी रुग्णाला लॅबमध्येच बोलावलं, रक्त काढलं आणि पंधरा मिनिटांत काचा ओढल्या.

काच ओढताना थेंब लहान, दोन-तीन मिलिमीटरचा. ओढायच्या काचेचा कोन ३० ते ४५ अंश. वाऱ्यावर पूर्ण सुकू दिली. लेश्मन स्टेन, म्हणजे पेशी रंगवायचं द्रावण, आधी तसाच, न मिसळता, दोन मिनिटं. त्यातल्या मिथेनॉलने पेशी पक्क्या बसतात. मग ६.८ पीएचचं बफर स्टेनच्या दुप्पट घालून, फुंकून मिसळून, आठ ते दहा मिनिटं. बफरचा पीएच चढला तर सगळं निळसर पडतं आणि क्रोमॅटिनची घट्ट-विरळ ठेवण वाचता येत नाही, आणि या प्रकरणात तर सगळा निकाल त्या ठेवणीवरच होता. काचेच्या शेपटीच्या जरा आधी, जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तिथे १०० पट भिंगाखाली तेल टाकून मोजणी केली. शंभर नव्हे, २०० न्यूट्रोफिल.

मोजणी अशी आली: दोन खंडांचे १५८, एकच गोल किंवा लांबट केंद्रक असलेले २५, तीन खंडांचे १७. चार खंडांचा एकही नाही.

त्या १५८ मधला कुठलाही एक घ्या. दोन जवळजवळ सारखे गोळे आणि मधे केसासारखा धागा, जुन्या काळच्या नाकावर चिमट्याने बसवायच्या चष्म्यासारखा. काहींत धागा जाड, तिथे भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग आठवते. पहिल्या टेक्निशियनने शेंगा बँडमध्ये टाकल्या होत्या, आणि तिथे त्याची फारशी चूक नाही. बँडची पाठ केलेली व्याख्या हीच आहे की मधला पूल धाग्याइतका बारीक नसतो. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. खऱ्या बँडचं क्रोमॅटिन त्यामानाने मोकळं दिसतं. इथे गोळे गडद जांभळे, क्रोमॅटिनचे ढेकळांसारखे घट्ट गठ्ठे, मधे पांढरट भेगा. हे पिकलेल्या पेशीचं लक्षण. पेशीद्रव्य फिकट गुलाबी, कण नेहमीसारखे. आणि खऱ्या लेफ्ट शिफ्टबरोबर जी वऱ्हाडी मंडळी येतात, म्हणजे गडद विषारी कण, डोहले बॉडी नावाचे निळसर डाग, पोकळ्या, बँडहूनही कच्च्या मेटामायलोसाइट पेशी, त्यांतलं एकही आलं नव्हतं. सीआरपी, म्हणजे संसर्गात रक्तात वाढणारं एक प्रथिन, १.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. त्या लॅबची मर्यादा ६.

मग औषधांची चौकशी. व्हॅल्प्रोएट, मायकोफेनोलेट, गॅन्सिक्लोव्हिर यांनी न्यूट्रोफिल असे दिसू शकतात. यादीत आयबुप्रोफेनचंही नाव येतं. रुग्ण म्हणाला, काही घेत नाही. दुसऱ्यांदा, ‘दुखलं की मेडिकलवाल्याकडून काय घेता?’ असं विचारल्यावर खिशातून आयबुप्रोफेनची अर्धी पट्टी निघाली. प्रश्न कसा विचारायचा याचा हा धडा प्रत्येक ओपीडीत पुन्हा पुन्हा मिळतो. गोळ्यांमुळे असा आकार येणं क्वचित घडतं, आणि सहसा ७९ टक्के पेशी त्यात सापडत नाहीत. तरी शंका राहिली. ती मिटवायला दोन वाटा होत्या: गोळ्या बंद करून दोन-तीन आठवड्यांनी काच बघणं, किंवा आई-वडिलांची काच आजच बघणं. न्यूट्रोफिल रक्तात फार काळ टिकत नाहीत, म्हणून पहिली वाटही चालली असती. दुसरी लवकरची होती.

वडिलांची काच नेहमीसारखी: तीन-चार खंड. आईची काच मुलाच्या काचेशेजारी ठेवली असती तर कुठली कुणाची ते सांगता आलं नसतं. त्या माउलीने कधी आयबुप्रोफेन घेतलं नव्हतं.

‘मावशी, आधी कधी रक्तात काही सांगितलं होतं का तुम्हाला?’ या प्रश्नावर त्यांनी घरून एक कापडी पिशवी मागवली. तिच्यात धाकटी मुलगी झाली तेव्हाच्या त्यांच्या बाळंतपणाचे कागद होते, घड्यांवर फाटलेले. त्यात बँड ३८ टक्के, आणि खाली हाताने लिहिलेलं: रक्तात इन्फेक्शन, सात दिवस इंजेक्शन. म्हणजे हीच चूक त्या घरात दुसऱ्यांदा होत होती.

निदान: पेल्गर-ह्यूए विसंगती, आनुवंशिक, एका प्रतीतली.

हे नाव दोन डच डॉक्टरांचं. पेल्गर यांनी १९२८ मध्ये क्षयाच्या रुग्णांत अशी केंद्रकं पाहिली आणि ती वाईट भवितव्याची खूण मानली. ह्यूए यांनी १९३१ मध्ये दाखवलं की हे घराण्यातून येतं आणि निरुपद्रवी आहे. जनुक सापडायला २००२ उजाडलं. पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं एलबीआर. जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये गेलेनाऊ नावाचं एक गाव आहे, तिथे सुमारे शंभरात एकाला ही विसंगती असते. बाकी ठिकाणी ती हजारांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. एकच प्रत बिघडलेल्या माणसाचे न्यूट्रोफिल जंतू नेहमीसारखेच गिळतात. उपचार काही नाही, कारण उपचार करावा असं काही नाही.

अँटिबायोटिक बंद झालं. ल्युकेमियाचं वाक्य असलेल्या कागदावर नवा रिपोर्ट टाचून फिजिशियनकडे पाठवला. चार दिवसांनी हर्नियाचं ऑपरेशन झालं, जखम सरळ भरली.

दुसरी अडचण, जी कुणी मांडली नव्हती

प्रकरण इथे संपलं असतं. पण आई निघता निघता म्हणाल्या, ‘लग्न ठरलंय याचं, आता ह्याचं काही मधे येणार नाही ना?’ मुलगी कुठली, असं विचारल्यावर कळलं: मामाची.

मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत रुळलेली गोष्ट आहे. पण विसंगती आईकडून आलेली, म्हणजे बहुधा आईच्या आई-वडिलांपैकी एकाकडून. तसं असेल तर मामामध्ये ती असण्याची शक्यता निम्मी, त्याच्या मुलीत पाव. आणि नवरा-बायको दोघांतही असेल, तर प्रत्येक गर्भात दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता चारात एक.

एक प्रत बिघडलेली असणं निरुपद्रवी. दोन्ही बिघडणं तसं नाही. एलबीआर फक्त टाके घालत नाही, विकरही आहे, आणि ते अजिबात नसेल तर गर्भाला ग्रीनबर्ग डिस्प्लेशिया होऊ शकतो: हातपाय अतिशय आखूड, हाडांची ठेवण कुरतडल्यासारखी, अंगभर पाणी, बाळ पोटातच दगावतं. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. कुठला बदल आहे त्यावर अवलंबून काही बाळं जगतात, हाडांचे कमीअधिक दोष घेऊन. पण ही गोष्ट लग्न ठरलेल्या जोडप्यापासून लपवण्यासारखी नक्कीच नव्हती.

तीन पर्याय होते. काहीच न बोलणं. कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि ‘रक्तातला दोष’ हे दोन शब्द भावकीत फिरले की मोडायचं ते मोडतं. किंवा थेट जनुक तपासणी सुचवणं, जिचा खर्च आणि वाट पाहणं दोन्ही मोठं. किंवा मुलीची एक काच. या विसंगतीत काच हीच चाचणी म्हणून पुरेशी आहे, हा या आजाराचा एक चांगुलपणा. जो आकार मोटर आणि टाके मिळून घडवतात तोच जनुकाची अवस्था सांगून जातो.

काच ठरली. मग कशी घ्यायची यावर मात्र खटका उडाला. आईचं म्हणणं, लग्नाआधीची साधी तपासणी म्हणून रक्त घ्या, कशाला सगळं सांगायचं. पॅथॉलॉजिस्टने याला साफ नकार दिला, आणि हा या प्रकरणातला सर्वांत नेमका निर्णय म्हणावा लागेल. मुलगी सज्ञान होती. तिचं रक्त, तिचा रिपोर्ट, तो आधी तिला कळणार. सासूला नव्हे, वडिलांनाही नव्हे. रुग्णानेच तिला फोन करून सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘माझ्यात निघालं तर माझ्या अंगावर काही दिसणार आहे का?’ नाही, हे उत्तर खरं होतं. ‘आमच्या घरात असलं काही नाही,’ म्हणत मामा दोन दिवस अडून बसले. मग मुलीने त्यांनाच सोबत आणलं आणि दोघांनी रक्त दिलं.

दोघांच्याही काचा नेहमीच्या. तीन-चार खंड, १०० पेशींत दोन खंडांचे मोजकेच.

दोघांत निघालं असतं तर पुढची तयारी कागदावर लिहून ठेवलेली होती: दोघांच्या एलबीआरचं सिक्वेन्सिंग, नेमका बदल हाती आला की गर्भाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेची तपासणी, शिवाय हाडांसाठी सोनोग्राफी. तो कागद वापरावा लागला नाही.

निष्पत्ती

लग्न ठरल्या तारखेला झालं. त्यांच्या मुलांपैकी निम्म्यांत ही विसंगती येऊ शकते, हे दोघांना माहीत आहे. रुग्णाच्या धाकट्या बहिणीचीही काच पाहिली. तिच्यात विसंगती आहे. तिच्या लग्नाच्या वेळी नात्यातलं स्थळ आलं तर काय विचारायचं, ते तिला स्वतःला सांगितलं आहे.

पुढच्या वापरासाठी दोन सूचना रिपोर्टमध्ये घातल्या. एक, या व्यक्तीत बँड मोजून संसर्ग ठरवू नये. ताप, एकूण पेशी, सीआरपी, गरज पडली तर प्रोकॅल्सिटोनिन ही संसर्गाची रक्तचाचणी, आणि विषारी कणांवर भर द्यावा. खराखुरा सेप्सिस झाला तर बँड वाढलेत की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही, हा उलट धोका लोक विसरतात. दोन, बी-१२ ची कमतरता. शाकाहारी घरांत ती आपल्याकडे सर्रास सापडते, आणि काचेवर तिची खूण म्हणजे पाच-सहा खंडांचे न्यूट्रोफिल. पेल्गर-ह्यूए असलेल्या माणसात ती खूण लपते. खंड वाढून जेमतेम तीन होतात आणि काच नेहमीसारखी वाटते. तेव्हा या घरातल्यांची काच उद्या अचानक ‘नॉर्मल’ दिसली, तर बी-१२ पाहावं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या रिपोर्टवर ‘बँड ४४’ च्या जागी ‘दोन खंडांचे न्यूट्रोफिल बहुसंख्य, क्रोमॅटिन घट्ट, विषारी बदल नाहीत’ एवढं लिहिलं असतं, तर सेफ्ट्रिआक्झोनच्या किमान सहा सुया वाचल्या असत्या. आकड्यांच्या रकान्यात वर्णनाला जागा नसते, ही छापील फॉर्मची अडचण आहे. शेऱ्याच्या ओळीत लिहायला मात्र कुणी अडवलं नव्हतं.

कलेक्शन सेंटरवरच काच ओढून, सुकवून, नळीसोबत पाठवायला हवी होती. त्याला वेगळं यंत्र लागत नाही. एक काच, एक पेन्सिल, पाच मिनिटं.

सीआरपी तिसऱ्या भेटीत झाला. तो पहिल्याच दिवशी, अँटिबायोटिकच्या आधी, व्हायला हवा होता. पहिली सुई टोचल्यावर सीआरपी कमी आला असता, तरी ‘औषधाने उतरला’ असा युक्तिवाद कुणीही केला असता.

पॅथॉलॉजिस्टकडून एक गोष्ट राहिली. नात्यातल्या लग्नाचा प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला नाही. तो आईच्या तोंडून योगायोगाने आला. आता त्या लॅबमध्ये पेल्गर-ह्यूएच्या रिपोर्टचा ठरावीक मसुदा आहे. त्यात सगळ्यात खाली एक ओळ आहे: ‘विवाहित असल्यास जोडीदाराची, विवाह ठरला असल्यास नियोजित जोडीदाराची, त्या व्यक्तीच्या संमतीने, रक्ताची काच तपासावी, नात्यातील विवाह असल्यास अवश्य.’